साय न काढलेलं सत्य

"विज्ञानात माणूस म्हणजे धूळ आहे, धूळ! माणसं येतात, माणसं जातात. मागं उरतं ते फक्त सत्य!" असं प्राध्यापक पुंजाजी भोयर यांनी कारंज्याच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात उभं राहून, उजवा हात वर करून जाहीर केलं. मग तो हात खाली घेतला, त्याच हाताचं बोट प्रयोगशाळेच्या दाराकडं वळवलं आणि विचारलं, "पन हे पुठ्ठ्यावर त्याचं नाव कोनं लावलं?"

पुठ्ठा खोक्याचा होता. 'हा भाग वर ठेवा' असं सांगणारा बाण त्याच्यावर अजून शाबूत होता, आणि तो नेमका डॉ. हेमसिंग आडे यांच्या नावाकडं वळलेला होता. मजकूर जाड पेनानं लिहिलेला : 'प्रतिपिंड संशोधन कक्ष. प्रमुख : डॉ. हेमसिंग आडे.' पुठ्ठ्याच्या कडेनं दारातले चार जुने खड्डे डोकावत होते. तिथं परवापरवापर्यंत पितळी पाटी होती आणि तिच्यावर पुंजाजींचं नाव होतं. पाटी पॉलिश करायला म्हणून काढली आणि ती प्राचार्यांच्या कपाटात जाऊन पडली. आता कपाटात कोणी पॉलिश करत नसतं, एवढं प्राणिशास्त्राच्या माणसालाही कळतं.

हेमसिंग आणि पुंजाजी हे बी.एस्सी.पासून एका बाकावरचे. हेमसिंग मंगरूळपीर रोडवरच्या तांड्यातला. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि हा काकाकडं राहून शिकायचा. पुंजाजींच्या घरची शेती, बैलजोडी, विहीर. परीक्षेत पुंजाजी नेहमी पुढं, हेमसिंग मागं. ही गोष्ट पुंजाजींना रोज आठवायची. हेमसिंगला मात्र कधीच आठवायची नाही, आणि पुंजाजींचा खरा राग ह्याचाच होता. हरलेल्या माणसानं हरल्याची आठवण ठेवू नये, म्हणजे जिंकलेल्यानं जायचं कुठं?

त्यात हेमसिंगनं कोंबड्या आणल्या.

ह्या कोंबड्यांची भानगड अशी. आपल्या पेशींमध्ये चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात. प्रत्येक थेंबाभोवती काही प्रथिनं पहारेकऱ्यासारखी उभी असतात. त्यातल्याच एकाचं नाव पेरिलिपिन-दोन. चरबी किती साठवायची, किती मोडून खर्चायची, ह्यात ह्या पहारेकऱ्याचा शब्द चालतो. ज्याच्या यकृतावर चरबी चढली, त्याच्या यकृतात हे पहारेकरीही वाढलेले सापडतात. पण पेशीत प्रथिनं हजारो. त्यातून हा एकच कसा ओळखायचा? त्यासाठी लागतं प्रतिपिंड. लग्नाच्या मांडवात हजार माणसं जेवत असली तरी एखादी मावशी आपल्या व्याह्याला नेमकी हेरते, त्याचा हात धरते आणि मग सोडत नाही. प्रतिपिंड म्हणजे ती मावशी.

ही मावशी बनवून घ्यायची एखाद्या जनावराकडून. हेमसिंगनं कोंबडी निवडली. सशाला किंवा शेळीला माणसाचं प्रथिन टोचलं तर ते जनावर पुष्कळदा लक्षच देत नाही. त्याचं स्वतःचं प्रथिन जवळजवळ तसंच असतं. कोंबडी मात्र नात्यानं फार लांबची. तिला माणसाचं सगळंच परकं. ती बिथरते, त्या पाहुण्याला बरोबर पकडणारी प्रतिपिंडं तयार करते, आणि पिल्लांनाही पाहुणा ओळखता यावा म्हणून ती अंड्याच्या बलकात भरून ठेवते. कोंबडीचं रक्त काढायला नको, काही नको. सकाळी खुराड्यात हात घालायचा, अंडं उचलायचं, बलकातली चरबी वेगळी करायची आणि प्रतिपिंड बाजूला काढायचं. हेमसिंगनं रीतसर परवानग्या मिळवल्या आणि प्रयोगशाळेच्या मागं खुराडं बांधलं.

"हे कॉलेज हाय का पोल्ट्री?" पुंजाजींनी तेव्हा विचारलं होतं.

"दोनी," हेमसिंग म्हणाला होता. "तू लेक्चर घेतं तवा कॉलेज, कोंबडी कोकलते तवा पोल्ट्री. आवाजावरून वळखू येत नाई, येवढंच."

सगळे हसले. पुंजाजीही हसले, पण ते हसू त्यांच्या घशात बरेच दिवस राहिलं.

कारण ह्या मार्गानं आधी गेले होते ते पुंजाजी. त्यांचा ससा होता. पांढरा, लाल डोळ्यांचा. पुंजाजींनी त्याला पहिली सुई टोचली आणि त्याच आठवड्यात सशानं भिंतीखालून भुयार खणून शेजारच्या तुरीत स्थलांतर केलं. तूर कापणीला आली तरी ससा सापडला नाही. पुंजाजींच्या अहवालात त्या जागी 'अपरिहार्य कारणास्तव' असे दोन शब्द आहेत. तरीही कक्ष त्यांच्याच नावावर राहिला. तिथं ते परीक्षेचे पेपर तपासत आणि उन्हाळ्यात कूलर लावून बसत. बाहेरचा कोणी आला की पितळी पाटी वाचून म्हणायचा, "वा सर, संशोधन!" आणि पुंजाजी म्हणायचे, "चालू असतं आपलं." हे वाक्य तंतोतंत खोटं नव्हतं. कूलर चालूच असायचा.

आता हेमसिंगचं प्रतिपिंड तयार झालं होतं आणि नागपूरच्या एका संस्थेला ते हवं होतं. तिथं यकृतावरच्या चरबीचा अभ्यास करत होती डॉ. योगिनी. ही मूळची अनसिंगची, ह्या दोघांचीच विद्यार्थिनी. तिनं एकच अट घातली : प्रतिपिंड ज्यानं बनवलं त्यानं स्वतः चाचणी करायची नाही. दुसऱ्यानं करावी, त्याच्या हातानं, त्याच्या पद्धतीनं.

प्राचार्यांनी दोघांनाही बोलावलं. प्राचार्य अर्थशास्त्राचे. कोणतीही गोष्ट त्यांना नफा-तोट्यात सांगितली की लगेच समजायची.

"चाचणी पास झाली तर कक्ष आडे सरांचा. पितळी पाटी नवी करू. नापास झाली तर पुठ्ठा निघेल आणि कपाटातली पाटी जागेवर जाईल. हिशेब साफ. आता चाचणी करायला माणूस तटस्थ पाहिजे. भोयर सर, तुम्ही करा."

"मी?" पुंजाजी म्हणाले.

"आडे सरांच्या कामाकडं तुमच्याएवढं बारीक लक्ष दुसऱ्या कोणाचंच नाही."

हेमसिंगनं लगेच मान डोलावली. "मले चालते. पुंजाजीचा हात साफ हाय. कॉलेजात असतानी याच्यावानी स्लाइड कोनाचीच निघे नाई."

हे ऐकून पुंजाजींना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मत्सरी माणसाला सगळ्यात जास्त जाच होतो तो समोरच्याच्या चांगुलपणाचा. शिवी दिली असती तर हिशेब तरी जुळला असता. घरी जाईपर्यंत पुंजाजींनी त्या वाक्यातून एक टोमणा शोधून काढला. 'कॉलेजात असतानी' म्हणाला. म्हणजे आता हात साफ नाही असंच ना?

चाचणीच्या आदल्या दिवशी हेमसिंग प्रतिपिंडाची कुपी घेऊन आला. अंगारा धरावा तशी त्यानं ती दोन्ही हातांत धरली होती. दुसऱ्या कुपीवर लिहिलं होतं 'टोचण्याआधी'. त्याच कोंबड्यांची, पण पाहुणा अंगात शिरायच्या आधीची अंडी. ही तुलनेसाठी. पहिल्या कुपीनं रंग दिला आणि दुसरीनं नाही दिला, तरच काम खरं.

"जपून बरं का पुंजाजी. लय मेहनत हाय यात."

"तुही कोनती मेहनत? अंडे कोंबड्याइनं देल्ले."

"खरी गोठ हाय," हेमसिंग म्हणाला, आणि वर हसला. मग त्यानं पिशवीतून एक डबा काढला. "अन् हे घे, साय काढलेल्या दुधाची पावडर. पट्टीची रिकामी जागा भराले."

इथं थोडं थांबावं लागेल. चाचणीची रीत अशी असते : यकृताच्या पेशींचा अर्क घेऊन त्यातली प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची आणि कागदासारख्या एका पांढऱ्या पट्टीवर उतरवून घ्यायची. पण त्या पट्टीला कोणतंही प्रथिन चिकटतं. प्रतिपिंडही वाटेल तिथं चिकटून बसेल. म्हणून पट्टीवरची रिकामी जागा आधी दुधानं भरून टाकायची. मग प्रतिपिंड फिरवायचं. शेवटी रंग. मावशी खरी असेल तर पट्टीवर एकाच ठिकाणी एक तपकिरी रेघ उमटते. मावशी भोंगळ असेल, दिसेल त्याला व्याही म्हणत सुटणारी असेल, तर सगळी पट्टी माखून निघते.

पुंजाजींनी डबा दोन बोटांनी परत सरकवला.

"तुह्या हातचं काईच नाई पाहिजे. उद्या कोनी म्हननं, आड्याच्या डब्यातलं दूध वापरलं म्हून पट्टी चांगली आली. तटस्थ म्हंजे तटस्थ."

"मंग दूध?"

"माहं मी पाहीन. तू उद्या इकडं फिरकजो नको."

मनात त्यांच्या वेगळंच होतं. त्या पावडरमध्ये हेमसिंगनं काय कालवलं असेल, सांगता येत नाही. हेमसिंगनं आयुष्यात कधी कशात काही कालवलं नव्हतं, पण पुंजाजींनी त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आणि त्यांना शंका आली.

पुंजाजींच्या घरी दुधाला तोटा नव्हता. गावाच्या कडेला घर, घरामागं गोठा आणि गोठ्यात गंगी म्हैस. लांब तलवारीसारख्या शिंगांची, काळीभोर, स्वभावानं थोडी प्राचार्यांसारखी. तिच्या दुधावर येणारी साय वाटीत उभी राहायची. पुंजाजी स्वतः त्यातला थेंबही घेत नसत. सोनोग्राफीत त्यांच्या यकृतावर चरबी निघाली होती आणि डॉक्टरांनी साय-तूप बंद केलं होतं. पण गंगीच्या सायीचं कौतुक करायला डॉक्टरांची बंदी नव्हती.

"गोजरा, आज दूध चांगलं उकळ. पन साय काढजो नको. सायीसकट डब्यात दे."

पुंजाजींच्या बायकोनं, गोजराबाईंनी, चुलीवरून मान वळवली. "काहून? सायीकडं पाह्यलं तरी तुमचं लिव्हर दुखते."

"मले नाई पाहिजे. विज्ञानाले पाहिजे."

"अवो, विज्ञान म्हंजे हेमसिंग भाऊजीचं काम ना? परवा तं म्हनत होते त्याच्यावाल्या पट्टीवर पानी टाकतो म्हून."

"मी तटस्थ हावो."

"मंग साय कायले देता त्याले? पानचट द्या."

"भेसळीचं दूध देऊन त्याचं काम बिघडवलं असं उद्या कोनी म्हननं तं? शुद्ध, सकस दूध देतो. अस्सल. त्याच्या डब्यातल्या पावडरीत काय दम हाय? गंगीचं दूध म्हंजे गंगीचं दूध."

गोजराबाईंनी डबा भरून दिला. डब्याचं झाकण लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "तूप गेलं या हप्त्याचं."

पुंजाजींनी चाचणी केली, आणि ती खरोखर झकास केली. मत्सर असला तरी हात कॉलेजातलाच होता. त्यांनी सायीचं दूध पाण्यात घोटून घोटून एकजीव केलं. दोन पट्ट्या त्यात बुडवल्या, हलवल्या. एकीवर टोचलेल्या कोंबड्यांचं प्रतिपिंड, दुसरीवर 'टोचण्याआधी'चं. पुन्हा पुन्हा धुतल्या. एखादा आळशी माणूस एकदा धुवून मोकळा झाला असता. पण उद्या हेमसिंगनं खोट काढायला जागा राहू नये म्हणून पुंजाजी धूतच राहिले. शेवटी रंग टाकला.

दुसरी पट्टी पांढरीच राहिली. पहिली पट्टी आधी पिवळसर झाली, मग बदामी, मग वरपासून खालपर्यंत काळ्या चहासारखी. रेघ नाही, काही नाही. नुसता चिखल.

पुंजाजींनी पट्टी उजेडात धरली. सूर्याला अर्घ्य द्यावं तसे दोन्ही हात वर. त्यांच्या अंगातून एक गार, गोड झुळूक गेली. कूलर बंद होता तरी. मग त्यांनी खिडकीच्या काचेत पाहून चेहऱ्यावर दुःख आणलं. पहिल्या खेपेला ते फार खूश दिसलं. दुसऱ्या खेपेला जमलं. तसाच चेहरा धरून ते खुराड्याकडं गेले.

हेमसिंग कोंबड्यांना दाणे टाकत होता. पट्टी पाहिली आणि त्याची मूठ मिटली.

"पुरीच माखली?"

"पुरीच. फार वाईट वाटून राह्यलं मले, हेमसिंग. पन सत्य हे सत्य असते."

हेमसिंगनं मुठीतले दाणे टाकून दिले. उठला, प्रयोगशाळेच्या दारापाशी गेला, पुठ्ठा सरळ स्वतःच्याच हातानं काढला आणि पुंजाजींच्या हातात दिला. इथं पुंजाजींचा पहिला आनंद गेला. तो पुठ्ठा त्यांना स्वतः ओढून काढायचा होता. सशाला सुई टोचायला पिंजऱ्यातून ओढलं, त्यानंतर त्यांनी असं काही ओढून काढलं नव्हतं.

"कोंबड्या घरी नेतो आता," हेमसिंग म्हणाला. "आमची कमलीबाई म्हनतेच, एवढे सालं कोंबड्याइसंग राह्यले, थोडे मह्यासंगबी राहा म्हून. तुवा निदान नीट तपासलं, पुंजाजी. दुसऱ्यानं घाई केली असती."

पुंजाजींचा दुसरा आनंदही गेला. हा माणूस रडतही का नाही?

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत संगणकासमोर खुर्च्या लागल्या. पडद्यावर योगिनी होती. पुंजाजींनी घसा साफ केला आणि सकाळपासून मनात घोळवलेलं भाषण सुरू केलं : विज्ञानात माणूस ही धूळ आहे, वगैरे. ते सत्यापर्यंत पोचायच्या आतच योगिनी म्हणाली, "सर, पट्ट्या कॅमेऱ्याजवळ धरा ना जरा."

पुंजाजींनी तपकिरी पट्टी धरली. योगिनीचा चेहरा पडला. हेमसिंगनं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. प्राचार्यांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर काढून ठेवल्या. त्यांचा आवाज पुंजाजींना सनईसारखा लागला.

"आणि दुसरी, सर? टोचण्याआधीची?"

"हे घ्या. पांढरीफेक. आपल्या कामात कसर नसते."

"दोन्हींना सगळं सारखंच केलंत? तेच दूध, तेवढंच धुणं?"

"एकाच भांड्यात. जुळ्या पोराइवानी."

योगिनी थोडी पुढं झुकली. "मग हे काय म्हणायचं? प्रतिपिंड भोंगळ असतं, पट्टीला उगाच चिकटणारं, तर दुसरी पट्टीही थोडी तरी मळली असती. इथं एक काळी अन् एक पांढरी. टोचलेल्या कोंबडीला पट्टीवर सगळीकडं काहीतरी ओळखीचं दिसलंय. सर, रिकामी जागा कशानं भरली होती?"

"दुधानं. रीतसर."

"पावडरच्या?"

पुंजाजी ताठ बसले. "मी पावडरीच्या भानगडीत पडत नाई. घरचं दूध. म्हशीचं."

"साय काढून ना, सर?"

"साय काढून?" पुंजाजींचा आवाज चढला. "गंगीच्या दुधातून साय काढून? योगिनी, मी भेसळ करत नसतो!"

पडद्यावर योगिनी हलेचना. प्राचार्यांना वाटलं, इंटरनेट अडकलं. त्यांनी वायर हलवून पाहिली. मग योगिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. नागपूरची सगळी भाषा गळून पडून अनसिंगची बाहेर आली.

"अवो सर! काय केलं हे तुमी! दुधात चरबीचे थेंब असतात ना? म्हशीच्या कासेत हे थेंब तयार होतात तवा त्याइच्यावर पहाऱ्यावर कोन असते?"

पुंजाजींना उत्तर माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला ते दरसाल हेच शिकवत. फळ्यावर चरबीचा थेंब काढत, त्याच्याभोवती टिपके देत आणि परीक्षेत विचारतही. मत्सरानं माणसाचं ज्ञान जात नाही. ते फक्त ऐन वेळी घरातून बाहेर पडत नाही.

"पेरिलिपिन," ते म्हणाले. "दोन."

"तेच!" योगिनी म्हणाली. "साय म्हंजे त्या पहारेकऱ्याइची छावनी सर. तुमी ते पुरी पट्टीभर फासली, अन् हेमसिंग सरांच्या प्रतिपिंडानं एकालाही सोडलं नाही. माणसाचं प्रथिन टोचलं होतं, तरी म्हशीचं ओळखलं."

"कोंबडीले काय," हेमसिंग हळूच म्हणाला, "मानूस काय अन् म्हैस काय, सारखंच वाटते."

पुंजाजींना ते वैयक्तिक वाटलं.

"आणि भोयर सर," योगिनी आता शुद्धीवर आली होती, "खरं श्रेय तुमचं. दुसरी पट्टी तुम्ही एवढी काटेकोर केली नसती, तर मीही म्हणाले असते, प्रतिपिंड वाया गेलं. तुमच्या हातामुळंच ते वाचलं."

हा तिसरा घाव. पहिले दोन त्यांच्या आनंदावर पडले होते. हा थेट हातावर. ज्या हातानं हेमसिंगला बुडवायचं, त्याच हातानं त्याला काठावर ओढून आणलं, आणि तेही पुन्हा पुन्हा धुवून. पुंजाजींना वाटलं, एकदाच धुतलं असतं तर बरं झालं असतं. आळसाला माणसं उगाच नावं ठेवतात.

संध्याकाळपर्यंत चाचणी पुन्हा झाली. ह्या वेळी हेमसिंगच्या डब्यातली पावडर. योगिनीच्या सांगण्यावरून एका वेगळ्या कागदावर थेंबही दिले : एक गंगीच्या सायीचा, एक पावडरच्या दुधाचा. हे सगळं पुंजाजींनीच केलं, कारण अट तीच होती. करताना त्यांच्या मनात शेवटपर्यंत एक बारीकशी आशा होती, आणि ती कोणाच्या भल्याची नव्हती. रंग टाकला. पट्टीवर एक रेघ आली. एकच. शाळेतल्या पोरानं पट्टी धरून ओढावी तशी सरळ, आणि जिथं यायला हवी तिथंच. कागदावर सायीचा थेंब गडद तपकिरी झाला. पावडरचा जेमतेम पिवळसर.

"रेघ पाह्य, पुंजाजी," हेमसिंग म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "कशी उभी हाय!"

"आडवी हाय," पुंजाजी म्हणाले.

नवी पितळी पाटी आली. प्राचार्यांच्या मते नवे खड्डे पाडण्यात नुकसान होतं, म्हणून स्क्रू जुन्याच चार खड्ड्यांत बसवले. ते इतके बरोबर बसले, की पुंजाजींना वाटलं, खड्ड्यांनीही बाजू बदलली. कूलर मात्र हेमसिंगनं काढू दिला नाही. "तुही खुर्ची इथंच राहू दे," तो म्हणाला. "पेपर तपासाले येत जा. कोंबड्याइचा आवाज आला तं सांगजो, लेक्चर कमी करीन त्याइचं." पुंजाजींना त्या खुर्चीवर बसावंसंही वाटलं आणि ती फेकावीशीही वाटली. उन्हाळा जवळ आला होता. ते बसले.

मग एक दिवस योगिनीचा फोन आला. प्रतिपिंडाचा लेख तयार होत होता आणि त्यात सायीचा प्रयोगही जाणार होता. चुकून झालेला, पण फार बोलका. हैदराबादच्या परिषदेत ती तो पडद्यावर दाखवणार होती.

"माहं नाव?" पुंजाजींनी शक्य तितक्या उदासीन आवाजात विचारलं.

"आहे ना सर. तळटीपेत."

"कोनत्या पानावर?"

"ते छापल्यावर कळेल. पण सर, दूध कुठलं ते लिहावं लागतं. म्हशीची जात, वय, गाव. आणि लोकांना मजा येईल म्हणून मला गंगीचा एक फोटो हवाय. मोठा दाखवीन, पूर्ण पडदाभर."

पूर्ण पडदाभर. हैदराबाद. पुंजाजी त्या रात्री बराच वेळ कूस बदलत राहिले. हेमसिंगचं नाव पितळेत, त्यांचं तळटीपेत, आणि गंगी पडदाभर! जिला रोज सकाळी आपण पेंड घालतो ती! गोठ्यात जाऊन त्यांनी गंगीकडं पाहिलं. गंगी रवंथ करत होती, प्रसिद्धी पचलेल्या माणसासारखी.

पण सकाळ होईपर्यंत त्यांना त्यातही वाट सापडली. म्हैस एकटी उभी राहून विज्ञान थोडंच सांगणार? तिच्या शेजारी कोणी तरी हवा. मालक. चाचणीकर्ता. ज्यानं साय काढू दिली नाही तो. हैदराबादच्या पडद्यावर लोक विचारतील, हे गृहस्थ कोण?

त्यांनी लग्नसराईतला सफारी काढला, केसांना तेल लावलं, खिशाला पेन अडकवला. गोजराबाईंनी गंगीला धुऊन तिच्या शिंगांना तेल चोपडलं होतं. दोघांच्याही डोक्याला एकाच बाटलीतलं तेल होतं, आणि गंगीला ते जास्त शोभत होतं, पण गोजराबाई तसं बोलल्या नाहीत.

फोटो काढायला हेमसिंग आला. त्याच्या पोरानं पुण्याहून पाठवलेला नवा मोबाइल त्याच्याकडं होता. पुंजाजींनी तेही मनात नोंदवून घेतलं. मग ते गंगीच्या अगदी जवळ उभे राहिले, एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि हनुवटी किंचित उचलली. मागं गोठा, वर आभाळ. चेहऱ्यावर त्यांनी सत्य आणलं.

हेमसिंगनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला. थोडा मागं गेला, थोडा पुढं आला, खाली वाकला, पुन्हा उभा राहिला. मग मोबाइल खाली घेऊन तो पुंजाजींकडं पाहत राहिला. पुंजाजींना वाटलं, त्याचं मन भरून आलं असावं. एका बाकावरचे दोघे, इतक्या वर्षांची गोष्ट, आज कदाचित तो म्हणून टाकेल की तू नेहमीच पुढं होतास. त्यांनी श्वास धरून ठेवला.

"पुंजाजी," हेमसिंग म्हणाला, "एक सांगू? राग मानजो नको."

"सांग ना," पुंजाजी हळव्या आवाजात म्हणाले.

"जराक बाजूले सर बरं. म्हैस दिसून नाई राह्यली."